चौकोनांचा पोपट

"मला गोल नको," हेमा म्हणाली आणि लाल कागद मांडीखाली दाबून बसली.

बाकीची बावीस पोरं गोल कापत होती. सहा कात्र्या पाळीपाळीनं फिरत होत्या, त्यामुळे भांडणं चालू होती. कुणाच्या गोलाचं वांगं झालं होतं, कुणाच्या गोलाचा बटाटा, पण कापत होती. हेमाच्या हातात कात्री आली तेव्हा तिनं आधी कागदाच्या पट्ट्या केल्या, मग पट्ट्यांचे नखाएवढे चौकोन पाडले आणि ते फ्रॉकच्या ओच्यात जमवायला सुरुवात केली. सूर्य कुठे आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, करू राह्यले. सूर्य गोल असतो, असं मी जरा आवाज चढवून सांगितलं.

"चौकोनांचा पण होतो," ती म्हणाली. "पण लई लागतात."

पाच वर्षांची पोर मला शिकवत होती. मी तिच्या ओच्यातले चौकोन काढून घेतले आणि डब्यात टाकले. ती रडली नाही. डबा कुठे ठेवला तेवढं तिनं बघून घेतलं.

याला आता चाळीस वर्षं झाली. येवल्यात मी तेव्हा बालवाडी चालवत होते. नाशिकला पंचेचाळीस दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र काचेत घालून खोलीत लावलं होतं. तिथे आम्हाला मंत्रच दिला होता: गोल, चौकोन, त्रिकोण. एवढे तीन आकार हातात आले की मूल जगातलं काहीही काढू शकतं. चौकोनावर त्रिकोण ठेवला की घर, गोलाला काड्या लावल्या की सूर्य, दोन गोल एकावर एक ठेवले की मांजर. हे मी इतक्यांदा घोकलं होतं की त्यात न बसणारं पोर मला हट्टी वाटायचं. माझी सासू म्हणायची, हिच्या शाळेत देव आला तरी ही त्याला आधी रांगेत उभं करेल.

त्या आठवड्यात मी जरा जास्तच चिडचिडी झाले होते, त्याला कारण होतं. बालवाडीची खोली रसिकशेठची होती. ते पैठणीचे व्यापारी. विणकरांना रेशीम, जरीचा धागा आणि नमुना द्यायचे आणि साड्या विणून घ्यायचे. खोली त्यांच्या वडिलांनी दिली होती. वडील गेल्यावर शेठना ती रेशमाच्या गाठोड्यांसाठी हवी झाली. मी दोनदा जाऊन विनवण्या केल्या तेव्हा म्हणाले, शनिवारी येतो, पोरं काय शिकतात ते बघतो, मग ठरवू. गावात दुसरी खोली नव्हती, आणि बालवाडी बंद झाली असती तर मला परत सासरच्या पिठाच्या गिरणीत बसावं लागलं असतं. म्हणून शनिवारी भिंतीवर तेवीस घरं आणि तेवीस सूर्य लावायचं मी ठरवलं होतं. हेमाचा सूर्य त्यात कमी पडणार होता.

सोमवारी बालवाडी सुटल्यावर मी तिला घेऊन तिच्या घरी गेले. तिचे वडील नव्हते, आई दिवसभर शेठच्या वखारीत कांड्यांवर रेशीम भरायला जायची. घरी असायचे ते आजोबा, दगडूतात्या दिवटे. येवल्यात तात्यांचा हात नावाजलेला होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ते बसले होते आणि पुढे अर्धा विणलेला पदर होता. मी दारात उभी राहिले, तरी त्यांनी वर बघितलं नाही.

हेमानं चपला काढल्या, हातपाय धुतले आणि तात्यांच्या शेजारी फळीवर जाऊन बसली. मागाला लटकवलेला बारीक चौकटींचा कागद तिनं मांडीवर घेतला आणि त्यावर बोट ठेवून बोलायला लागली. सात सोडा. हिरवे तीन. एक लाल. हिरवे दोन. तात्यांची बोटं तिच्या बोलण्याबरोबर उभ्या धाग्यांतून चालत होती. मोजून धागे उचलत होती, त्या त्या रंगाची कांडी घालत होती. एक ओळ झाली की ते धागा घट्ट बसवायला फणी ठोकायचे आणि ती पुढच्या ओळीवर बोट ठेवायची. मी चार ओळी होईपर्यंत तशीच उभी होते. मग खोकले.

"कोण आहे?" तात्यांनी विचारलं. मी त्यांच्यापासून पाच हातांवर होते.

"बालवाडीच्या बाई," हेमा म्हणाली. "गोल सांगायला आल्यात."

तात्यांनी हात थांबवले. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. बहुतेक कुणाला तरी सांगायचंच होतं. काचबिंदू होता. नाशिकच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. जुने नमुने त्यांना तोंडपाठ होते, ते अंधारातही विणले असते. पण हा नमुना नवा होता. रसिकशेठनं मुंबईच्या कुणा कलावंताकडून काढून आणला होता, मान मागे वळवलेल्या पोपटांची जोडी. कागद एकच, आणि तो विश्वासानं तात्यांकडे दिलेला. कागदावरच्या चौकटी तात्यांना आता धुक्यासारख्या दिसत होत्या. म्हणून पोरीला वीसपर्यंत आकडे शिकवले आणि रंग शिकवले.

शेठना सांगा ना, मी म्हटलं. भला माणूस आहे, काहीतरी दुसरं काम देईल.

"देईल की," तात्या म्हणाले. "पण हा पदर काढून घेईल. आन् मग दुसरा कोणी बसंल याच्यावर. बाई, अर्धा पदर दुसऱ्याच्या हातात जाणं म्हणजे आमच्यात जित्या माणसाचं श्राद्ध. दोघांची ठोक कधी सारखी नसते. जोड दिसतो, जन्मभर दिसतो. दीड महिना द्या मला. पदर उतरला की मीच शेठकडं जाऊन सांगतो, आन् माग मोडून टाकतो."

मी म्हटलं, मी कशाला कुणाला सांगू. गोलाचा विषय मी काढलाच नाही. तात्यांनीच विचारलं, पोर काही त्रास देते का. नाही म्हटलं, हुशार आहे.

दुसऱ्या दिवशी मी डबा हेमाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, कर तुला काय करायचं ते. तिनं आदल्या दिवशीचे लाल चौकोन मोजून घेतले, एकही हरवला नव्हता. मग हिरव्या कागदाच्या पट्ट्या पाडायला लागली. मी इतर पोरांची घरं चिकटवून घेत होते. खरं सांगायचं तर निम्मी मीच चिकटवत होते, कारण त्रिकोण चौकोनावर नीट बसत नव्हते आणि शनिवार जवळ येत होता. हेमाकडे माझं लक्ष नव्हतं. खळ संपली की ती तेवढी मागायला यायची.

गुरुवारी तिनं कार्डबोर्ड आणून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यावर पोपट होता. हिरव्या चौकोनांच्या पायऱ्यापायऱ्यांनी पाठ उतरली होती, मान मागे वळली होती, चोच लाल होती आणि डोळ्याच्या जागी एकच काळा चौकोन. त्यात एकही गोल नव्हता, आणि तरीही पोट गोल दिसत होतं. पंचेचाळीस दिवसांत मला कुणी हे शिकवलं नव्हतं. बाळबोध घरं आणि सूर्य करून घेताना जे मी शिकवतेय असं मला वाटत होतं, ते या पोरीला माझ्याआधीच येत होतं. मला हेवा वाटला, आणि लगेच ती माझीच विद्यार्थिनी आहे याचा गर्वही वाटला.

दुपारी मी ते कार्डबोर्ड तात्यांना दाखवायला नेलं. मी उत्साहानं वर्णन करायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. कार्डबोर्ड मांडीवर आडवं ठेवलं आणि शेपटीपासून बोटं फिरवायला सुरुवात केली. चिकटवलेला एकेक चौकोन ते मोजत वर गेले. चोचीशी थांबले.

"एक कमी घेतला हिथं," ते म्हणाले.

"लाल संपला," हेमा म्हणाली.

तात्या हसले. तोंडभर हसले. मग बोटं पोपटावर ठेवूनच म्हणाले, बाई, हे भिंतीवर लावू नका. हा पोपट एकाच कागदावर आहे आणि तो कागद माझ्याकडे आहे. शेठ एका नजरेत ओळखतील आणि पोरीच्या हातात कागद कसा गेला ते विचारतील. मी म्हटलं, नाही लावत, कपाटात ठेवते, कुलूप लावते. तसा शब्दच दिला. हेमा तिथंच होती. तिनं विचारलं, मग माझं काय लावणार. मी तिला एक गोल कापून दिला आणि म्हटलं, याला काड्या लाव, झाला सूर्य.

शनिवारी रसिकशेठ दहा वाजता आले. सोबत मुनीम आणि त्याच्या हातात मोजायची टेप. पोरं हात बांधून ओळीत बसली होती. त्यांनी दोन गाणी म्हटली, शेठनी मान डोलावली. मग भिंतीकडे वळले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"सगळ्यांची घरं सारखीच?" त्यांनी विचारलं.

आकार शिकवतो आम्ही, मी म्हटलं. आधी आकार, मग चित्र. ते हो हो म्हणाले. एका घरावर बोट ठेवून म्हणाले, हे तर मोठ्या माणसानं चिकटवलंय. वाईट बोलले नाहीत. हसूनच म्हणाले. मग मुनीमाला म्हणाले की या भिंतीला सहा गाठोडी लागतील, त्या भिंतीला आठ, खिडकी बंद करावी लागेल. मुनीमानं टेपचं एक टोक धरायला मलाच दिलं, आणि मी धरलं.

टेप गुंडाळून झाली तेव्हा शेठ दाराकडे निघाले होते. सोमवारी माणसं पाठवतो, असं काहीतरी म्हणत होते. मी कपाट उघडलं. कुलूप होतं, किल्ली कमरेला होती, म्हणजे वेळ होता. तेवढ्या वेळात मी स्वतःला सांगितलं की कुणाचं आहे ते सांगायचं नाही, नुसतं दाखवायचं. पोपट म्हणजे पोपट. जगात काय एकच पोपट आहे?

"हे एक राहिलं शेठ," मी म्हटलं.

त्यांनी ते कार्डबोर्ड घेतलं आणि उजेडात, उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. मुनीमानं खांद्यावरून डोकावलं. मग शेठनी विचारलं, कुणी केलं. मी म्हटलं, सगळ्या मुलांनी मिळून.

"मी एकटीनं केलं," हेमा ओळीतून म्हणाली. हात बांधलेलेच होते.

शेठ तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचं धोतर जमिनीला लागलं, त्याचंही त्यांना भान नव्हतं. तुला हा पोपट कसा येतो, त्यांनी हळू विचारलं.

"तात्यांना वाचून दाखवते ना."

"तात्या स्वतः नाही वाचत?"

हेमानं माझ्याकडे बघितलं. गुरुवारी मी शब्द दिला तेव्हा ती तिथं होती, आणि कपाट मी उघडलं तेव्हाही होती. या दोन गोष्टींचा मेळ तिला लावता येत नव्हता. बाईंनीच दाखवलं म्हणजे आता सांगायचं असेल, असं तिला वाटलं असावं. ती मला विचारत होती. मी भिंतीकडे वळले आणि एक सूर्य सुटत आला होता त्याची कड दाबून धरली.

"त्यांना चौकटी दिसत नाहीत," ती म्हणाली.

शेठ उठले. कार्डबोर्ड त्यांनी मला परत दिलं, अगदी जपून, दोन्ही हातांनी. म्हणाले, बाई, खोली राहू द्या. जिथं पाच वर्षांची पोर हे करते ती खोली गाठोड्यांनी भरायची नाही. मग मुनीमाला घेऊन गेले, आणि वखारीच्या रस्त्यानं न जाता दिवट्यांच्या गल्लीकडे वळले. मी खिडकीतून बघितलं. तरीही मला आनंद झाला होता. हे आता सांगताना लाज वाटते, पण झाला होता. पोरांना मी घरून गूळशेंगदाणे आणून वाटले.

बालवाडी त्या खोलीत पुढे अकरा वर्षं चालली. तिथून कितीतरी पोरं शिकून गेली, एक तर मामलेदार झाला. लोक अजूनही भेटले की म्हणतात, बाई, तुम्ही होतात म्हणून बालवाडी टिकली. मी हो म्हणते.

सोमवारी हेमा आली नाही. संध्याकाळी मी गेले. गल्लीत शिरतानाच मागाचा आवाज येत होता. मला वाटलं, म्हणजे काही झालेलं नाही, शेठ नुसतेच बघून गेले. उगाच घाबरले मी. दारापर्यंत आले तर तात्या बाहेर ओट्यावर बसलेले होते.

आत त्यांच्या मागावर एक तरणा विणकर बसला होता. पदर अर्धा झालेला, मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा काही दुसरीकडे नेता येत नव्हता, म्हणून शेठनी माणूसच इथं आणून बसवला होता. तात्यांना त्यांनी वखारीत रेशीम पारखायचं काम देऊ केलं होतं. हातानं पारखता येतं, डोळे लागत नाहीत. तात्या म्हणाले, शेठनं काही वाईट नाही केलं. एक शब्द वावगा बोलला नाही. माझ्या पाया पडला आन् मग सांगितलं.

आतून फणीची ठोक ऐकू आली. तात्यांनी मान किंचित हलवली.

"जड हात आहे," ते म्हणाले. "पोराचा दोष नाही. हात आहे त्याचा."

हेमाच्या आईनं मला चहा आणून दिला. तिचे डोळे रडून सुजले होते. मी कप हातात घेतला आणि काय म्हणायचं ते मनात जुळवत होते. मी सांगणार होते. त्याचसाठी आले होते, निदान घरून निघताना तरी तसंच ठरलं होतं. पण तात्याच आधी बोलले.

"पोरीनं घात केला बाई. तुम्ही बिचाऱ्यांनी कुलपात ठेवलं होतं. हिला मिरवायची हौस, कुठनं तरी किल्ली मिळवून हिनंच काढून दाखवलं असंल शेठला. मी विचारलं तर बोलत नाही. दोन दिवस झाले, तोंड उघडत नाही."

हेमा दारात चौकटीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, परवा ओळीतून बघितलं होतं तशीच. म्हणजे आता बाई सांगतील, अशी. तात्याही माझ्याकडे तोंड करून वाट बघत होते. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

"जाऊ द्या तात्या," मी म्हटलं. "लहान आहे. तिला काय कळतंय."

हेमानं चौकट सोडली. मग ओट्यावर आली, तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"परत नाही करणार," ती म्हणाली.

तात्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.